पगारातली बहीण

मुनिरका, दिल्ली
२४ एप्रिल २०२२

ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आत्याच्या डबड्यावर मेसेज टाकला तर ती आधी स्वतः वाचते, मग गल्लीला वाचून दाखवते, मग आठवलं तर तुला. म्हणून पोस्टाने लिहितोय.

मी आता हेल्पर नाही. नोएडाला मोठे टॉवर चाललेत, तिथली उंच क्रेन माझ्या हातात आहे. सकाळी शिडीने वर चढलो की संध्याकाळीच खाली. जेवणाचा डबासुद्धा दोरीने वर येतो. खालून इंजिनिअर इंग्लिशमध्ये शिव्या देतो, पण वॉकीटॉकी बंद केली की तो काडेपेटीएवढा दिसतो, मग काही वाटत नाही. आठवीत शाळा सोडली म्हणून अण्णांनी चपलेने हाणलं होतं. आज त्या शाळेच्या मास्तराएवढा पगार घेतो.

पण त्यातच भानगड झाली. ओव्हरटाइम धरून पगार एवढा झाला की मागच्या वर्षी दर महिन्याला दोन हजाराच्या आसपास टॅक्स कापला. मला वाटायचं सगळ्यांचाच कापतात. परवा नीरज, म्हणजे आमचा सिग्नलवाला, खालून झेंडी दाखवतो तो, मेरठचा, स्लिप बघून म्हणाला, "अबे पागल, तूने डिक्लेरेशन दिया ही नहीं?" म्हणजे असं असतं, की एप्रिलमध्ये कंपनी विचारते, तुझा विमा काय, खर्च काय, घरी तुझ्यावर कोण अवलंबून आहे. ते लिहून दिलं की आधीपासूनच कमी कापतात. नाही दिलं तर भरपूर कापून ठेवतात आणि मग तुम्ही वर्षाने रिटर्न भरा नि आपलेच पैसे मागत फिरा. पेरोलवाल्या मॅडमने यादी पुढे केली. त्यात एक ओळ होती, दिव्यांग भाऊ किंवा बहीण, पूर्णपणे अवलंबून. मी ओरडलोच, "मॅडम, ये तो मेरे पास है!"

तर तुझा सिव्हिल हॉस्पिटलचा बहिरेपणाचा दाखला आहे ना, त्याची झेरॉक्स पाठव. आणि एका कोऱ्या कागदावर खाली सही कर. वर मी टाइप करून घेतो, की मला काही उत्पन्न नाही, माझं सगळं भाऊच बघतो. टॅक्स वाचला की तुला मोठ्या पडद्याचा मोबाइल. बिल्कुल पक्का.

बळवंत

येवला
७ मे २०२२

बळवंत,

दाखल्याची झेरॉक्स आणि सही केलेला कागद सोबत आहे. तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं, आत्याने काढून वाचलंच. 'सगळं भाऊच बघतो' इथे आल्यावर एवढी हसली की तोंडातलं पान पदरावर पडलं. काय म्हणाली ते तिच्या ओठांवरून कळलं. "पाडव्याला तरी बघितलं का?" तुझी बाजू घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

उत्पन्न काही नाही, हे मात्र खोटं नाही. मागावर मी बसते, पदरावरचे मोर मी विणते, आणि व्यापाऱ्याशी फोनवर आत्या बोलते. भाव काय ठरला ते मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. आणि तिचं तोंड तिला हवं तेवढंच हलतं.

आता माझी बातमी. नाशिकच्या एका ट्रस्टने इथे शिबिर घेतलं. कानामागे, हाडात, बारीकसं यंत्र बसवतात आणि बाहेरून दुसरं लावतात. मग ऐकू येतं. ऑपरेशन फुकट. शिबिराला माणसं खूप होती, निवडलेली थोडी, आणि त्यांत माझं नाव आहे. नोव्हेंबरात बोलावतील. कान जाऊन बारा वर्षं उलटली की ते घेत नाहीत, नस कायमची झोपते म्हणतात. मला दहावीच्या वर्षी तापात ती इंजेक्शनं दिली आणि कान गेले, त्याला येत्या फेब्रुवारीत बारा वर्षं भरतात. म्हणजे हीच खेप. यानंतर मला कुणी बोलावणार नाही.

अर्जावर घरच्या माणसाचा नंबर लागतो, त्याला फोन करता यावा म्हणून. आत्याचा द्यायचा नव्हता. तुझा दिला आहे.

यंत्र बसलं की पहिलं काम ठरलेलं आहे. व्यापाऱ्याचा फोन वाजला की आत्याच्या हातातून तो मी घेणार.

ताई

मुनिरका
१९ जून २०२२

ताई,

कमाल झाली! या महिन्याच्या स्लिपवर टॅक्सच्या रकान्यात शून्य. मी क्रेनवरून फोटो काढून नीरजला पाठवला. तो म्हणतो, "तेरी बहन तो बड़े काम की चीज़ निकली." संध्याकाळी साइटवर सगळ्यांना समोसे दिले. कुणी विचारलं कशाचे, तर म्हटलं ताईच्या कानांचे. खूप हसले यार.

त्या जोरावर बाइक बुक केली. काळी. निम्मा हप्ता टॅक्सच्या वाचलेल्या पैशांतूनच सुटतो. मोबाइल जरा पुढे ढकलतो, राग मानू नको.

ऑपरेशनचं वाचलं. चांगलंच आहे. पण मी नीरजला विचारलं. तो म्हणाला, ऐकू यायला लागलं की दाखला रद्द, आणि वर्षाच्या मध्येच रद्द झाला तर सगळ्या वर्षाचा टॅक्स मार्चमध्ये एकदम कापतील. तेव्हा बाइकचा हप्ता कुठून भरू? माझ्या खोलीत लातूरचा मानस राहतो, कलेक्टर व्हायचा अभ्यास करतो, दिवसभर पेपरवर रेघा मारतो. तो म्हणाला, एकदा पेरोलला विचारून घे ना. अरे पण विचारलं की त्यांना कळणारच, की बहिणीचं ऑपरेशन आहे! एवढं कलेक्टरला सुचत नाही. म्हणून मी विचारलं नाही.

तर असं कर. मार्च जाऊ दे, एप्रिलमध्ये करून टाक. एवढी वर्षं काढलीस, चार महिने काय. आणि खरं सांगू? ऐकण्यासारखं आहेच काय जगात. मला दिवसभर कानात वॉकीटॉकी असतो, मी तुझा हेवा करतो.

बळवंत

येवला
१० जुलै २०२२

बळवंत,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चुकून दुसऱ्या कुणाचं आलं की काय वाटलं.

एप्रिल म्हणजे फेब्रुवारीच्या नंतर. फेब्रुवारीच्या नंतर म्हणजे कधीच नाही. हे मी मागच्याच पत्रात लिहिलं होतं. तुला वाचता येतं, आठवीपर्यंत तरी.

माझा हेवा करतोस. मागच्या महिन्यात मी विहिरीवरून येत होते, मागून ट्रॅक्टर हॉर्न देत होता. ड्रायव्हरने उतरून माझ्या थोबाडीत मारली. त्याला वाटलं मी मुद्दाम सरकत नाही. सगळे बघत होते. त्यातले निम्मे मला ओळखतात. मी बहिरी आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, मारून झाल्यावर सांगितलं.

तुझा टॅक्स कापला जाईल ना? कापू दे. यंत्र बसल्यावर पहिल्या साड्यांची मजुरी मी स्वतः घेईन आणि तुझे गेलेले सगळे पैसे भरून देईन. हे लिहून देते. यावर पाहिजे तर सही घे, कोऱ्या कागदावर तर तुझ्याकडे आधीच आहे.

ताई

मुनिरका
२८ ऑगस्ट २०२२

ताई,

अच्छा बाबा, कान पकडतो. (स्वतःचे.) तू तर कोर्टात उभं केलंस मला. मी तसं म्हणालोच नव्हतो, नुसतं सुचवलं. कर ऑपरेशन. तो टॅक्स गेला खड्ड्यात. नोव्हेंबरात रजा टाकतो, नाशिकला येतो, जिथे म्हणतील तिथे सही ठोकतो. चलो, मिटलं?

बाइक आली. रविवारी इंडिया गेटवरून घेऊन गेलो, पुढे सरोजिनी नगरला. तिथे बाजारात पाय ठेवायला जागा नसते, पोरी स्वेटर ओढतात ऑगस्टमध्ये. तुझ्यासाठी कानातले घेतलेत. मोराचे आहेत. म्हटलं ताईला मोर विणून विणून कंटाळा आला असेल, पण घालायला नवे.

ट्रस्टवाल्यांचा फोन आला तर मी बोलतो त्यांच्याशी. तू निवांत राहा.

बळवंत

येवला
१८ सप्टेंबर २०२२

बळवंत,

कानातले मिळाले. एकाचा काटा वाटेत वाकला होता, सरळ केला. छान आहेत.

ट्रस्टच्या अक्षता मॅडम घरी येऊन गेल्या. मोबाइलवर टाइप करून बोलतात, भरभर. म्हणाल्या, यंत्र लावल्यावर आधी नुसते पत्र्यावर खडे पडल्यासारखे आवाज येतील, घाबरायचं नाही. मग महिनाभर सराव केला की त्यातून शब्द निवडता येतात. कुणाचा आवाज आधी ओळखावासा वाटतो, असं विचारलं. मी म्हटलं भावाचा. त्या वेळी त्याचा आवाज फुटायचा होता, आता कसा झालाय मला माहीत नाही.

आत्या हल्ली माझ्याशी गोड वागते. तिला धाकधूक आहे. मला मजा वाटते.

नोव्हेंबरची रजा आत्ताच सांगून ठेव. ऐनवेळी देणार नाहीत.

ताई

मुनिरका
२ नोव्हेंबर २०२२

ताई,

वाईट बातमी, पण एवढी काही वाईट नाही. ट्रस्टचा फोन आला होता मला. बॅच पुढे गेली. बाहेरून यंत्रं यायची होती ती अडकलीत म्हणे. तू उगाच नाशिकला हेलपाटा घालू नकोस, बोलावलं की मला सांगतील आणि मी तुला कळवीन.

माझी रजा मंजूर झाली होती बरं का, ती मीच परत केली. इथे धुराने डोळे चुरचुरतात, वर क्रेनवरून खालचं काही दिसत नाही, नुसतं वॉकीटॉकीवर ऐकून माल उतरवतो.

बळवंत

येवला
२० नोव्हेंबर २०२२

बळवंत,

पुढे म्हणजे किती पुढे? फेब्रुवारीच्या अलीकडे की पलीकडे? बारा वर्षांचं त्यांना विचारलंस का? फोन कुणाचा होता, बाई की बुवा? जे बोलले ते त्यांच्या शब्दांत लिही. तुला तिथे एक फोन करायचा असतो, मला इथे पंधरा दिवस पोस्टमनची वाट बघावी लागते.

ताई

मुनिरका
१८ डिसेंबर २०२२

ताई,

किती प्रश्न गं. बुवा होता. म्हणाला, जानेवारीत नक्की. बारा वर्षांचं मी विचारलं, म्हणाला तुमच्या बहिणीचं नाव आधीच निवडलेलं आहे, चार दिवस इकडे तिकडे चालतात. झालं समाधान?

आता माझं काम. जानेवारीत कंपनी पुरावे मागते. एप्रिलमध्ये लिहून दिलं ते खरं का, बघतात, आणि नसेल तर उरलेल्या महिन्यांत सगळा टॅक्स वसूल. मॅडम म्हणते कोऱ्या सहीवर टाइप केलेलं चालणार नाही, तुझ्या हाताने लिहिलेलं पाहिजे, की मी पूर्णपणे भावावर अवलंबून आहे. सोबत दाखल्याची ताजी प्रत. ऑफिसचा पत्ता खाली लिहिलाय, थेट तिकडेच पाठव, म्हणजे वेळ जाणार नाही. वीस तारखेच्या आत. एवढं विसरू नकोस हं ताई, बाइकचे हप्ते अजून वर्षभर आहेत.

बळवंत

येवला
१५ जानेवारी २०२३

बळवंत,

मी नाशिकला जाऊन आले. एकटी. बसची पाटी वाचता येते, तेवढ्यावर पोचता येतं.

अक्षता मॅडम मला बघून चपापल्या. मोबाइलवर लिहिलं, "तुम्ही का आलात? तुम्ही तर नको म्हणालात." मी म्हटलं, मी कधी? त्यांनी लिहिलं, "तुमच्या भावाचा फोन आला होता दिवाळीत. ताई घाबरते, रात्रीची रडते, आम्ही तिला जबरदस्ती करणार नाही, असं म्हणाले. फार समजूतदार वाटले." फोन त्यांना आला होता, बळवंत. त्यांनी तुला केलेला नव्हता.

माझ्या जागी निफाडच्या एका मुलाला यंत्र बसवलं. तो तिथेच होता, सरावाला आलेला. त्याच्या आईने पाठीमागून हाक मारली आणि तो वळला. मी तेवढं बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

मॅडम मागून आल्या. पुढच्या बॅचचं विचारलं, तर ती जूनमध्ये. बारा वर्षांचा नियम त्यांच्या हातात नाही, डॉक्टरांचा आहे. मग मी दाखल्याचं विचारलं, तू ज्यासाठी हे केलंस त्याचं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन झालं तरी दाखला तसाच राहतो. यंत्र काढलं की माणूस बहिराच असतो, सरकारला एवढं कळतं. तुझ्या पेरोलच्या मॅडमला एक वाक्य विचारलं असतंस, तर तुझं शून्य तुला राहिलं असतं आणि मला ऐकू आलं असतं.

घाबरते म्हणालास. रात्रीची रडते म्हणालास. हे तुला क्रेनवर बसून सुचलं, की खोलीत?

तू मागितलेला कागद लिहिणार नाही. मागच्या आठवड्यात मी विणकर सोसायटीत नाव घातलं. आत्याने तमाशा केला, मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आता मजुरी माझ्या नावाने बँकेत येते. म्हणजे मी कुणावर अवलंबून नाही. तुझ्या ऑफिसला तसं माझ्या हाताने लिहून पाठवलं आहे. पत्ता तू दिलाच होतास.

तुझा आवाज कसा झालाय ते आता मला जाणून घ्यायचं नाही.

प्रणिता

मुनिरका
९ एप्रिल २०२३

ताई,

नुसतं प्रणिता लिहिलंस. लिही. मी ताईच म्हणणार.

तुझ्या त्या पत्राने काय केलं ते ऐक. मॅडमने सगळ्यांसमोर बोलावलं. "आपकी बहन तो कमाती हैं, बळवंतजी. झूठा डिक्लेरेशन?" पूर्ण वर्षाचा टॅक्स फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन पगारांत कापला. हप्ता चुकला, वसुलीची पोरं साइटच्या गेटवर आली, बाइक घेऊन गेली. नीरज आता मला बहनजी म्हणतो. झालं समाधान? मी फोन केला, हो, केला. पण ऑपरेशनात माणूस मरतोसुद्धा. तू मेली असतीस तर लोक मलाच विचारायला आले असते. कवटी फोडून घ्यायची हौस तुला, आणि समजूतदार वाटलो तर तेही माझंच चुकलं.

जाऊ दे. मी मनात ठेवणारा माणूस नाही. मी विचार केला, की दाखला रद्द होत नाही हे खरं असेल तर बरंच झालं की. म्हणजे तो दर वर्षी चालतो. नव्या वर्षाचं डिक्लेरेशन या आठवड्यात भरायचंय. मानस म्हणतो, नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, तुला आता बहीण दाखवायची गरजच नाही, विचारून बघ मॅडमला. पण त्या मॅडमच्या तोंडाला परत कोण लागणार? विचारत बसण्यापेक्षा कागद हातात असलेला बरा.

अडचण फक्त त्या सोसायटीची होती, ती मी मिटवली. काल आत्याशी बोललो, मग तिने चेअरमनला जोडून दिलं. मी त्यांना सांगितलं, ऑपरेशन हुकल्यापासून ताईचं डोकं ठिकाणावर नाही, कुठेही सह्या करते, कुणी तिचे पैसे काढून घेतले तर जबाबदार कोण? भला माणूस आहे. म्हणाला, बरं झालं वेळेवर सांगितलंत, घरचं माणूस असं लक्ष घालतं तेव्हाच बरं वाटतं. पुढल्या महिन्यापासून तुझी मजुरी पूर्वीसारखी आत्याच्या हातात देतील आणि तुझं नाव यादीतून निघेल.

तू त्यांच्याकडे जाऊन तणतण करू नकोस, ते तुला समजून घेतील पण वाईट दिसतं. तुला फोनवर बोलता येत नाही ताई, म्हणून तुझं सगळं आम्हालाच करावं लागतं.

बळवंत